गरुडाचं फाटकं पान

“घार हाय ती, घार! जल्मापासून बघतंय मी तिला. तू कालची पोर मला शिकवतंस?”

“घार नाही आत्या, गरुड. मत्स्यगरुड! इथं छापलंय.”

“छापनाऱ्याचं जल्लं तोंड! त्यानं आपली चिंच बघितली हाय कं?”

“बघितल्याशिवाय कसा लिहील? ऐका. ‘मस्तक व छाती शुभ्र, पोट तांबूस, वास्तव्य पाण्याकाठी, भक्ष्य मासे.’ आता बघा वर. डोकं कसंय?”

“पांढरं.”

“पोट?”

“तांबडं.”

“आणि खातो काय?”

“मासलीच खाते. पन घार खाते!”

थांबा, चहा निवेल तुमचा. भांडण ऐन रंगात आहे, ते कुठं पळून जात नाही. आधी एक कबूल करून टाकते. ह्या भांडणात माझी अशी काही फजिती झाली, की पुढं कित्येक वर्षं त्या चिंचेखालून जाताना मी मान वर केली नाही. आणि मान खाली घालून चालणारी मी बाई नव्हे, हे आमच्या राई गावातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा!

गोष्ट दुसऱ्या लढाईच्या आधीची. मी विशीतली, पेणकरपाड्याहून लग्न होऊन राईला आलेली. खाडीला लागून आमचं मिठागर, मिठागराच्या बांधावर एक जुनी चिंच, आणि त्या चिंचेसारखीच ताठ नि आंबट आमची सासू. सासूला आम्ही आत्या म्हणायचो. सही म्हणजे अंगठा. पण वाऱ्याचा वास घेऊन भरती कधी लागेल ते सांगायच्या.

आणि मी? मी शिकलेली! हसू नका. शाळेची पायरी मी जन्मात एकदाच चढले, तीही भावाचा डबा द्यायला. अक्षर मला कुणी शिकवलं नाही, मी ते हिसकावून घेतलं. भावाच्या पाटीवरून, रॉकेलच्या डब्यावरून, आणि पुढं भाईंदरच्या बाजारातल्या वाण्याच्या पुड्यांवरून. वाणी गूळ बांधायला लागला की मी म्हणायची, “शेठ, मराठी कागदात बांधा.” गुजराती कागद आला तर पुडी परत. शेठ कपाळाला हात लावायचा. “बाई, गूळ खायेगी के कागज खायेगी?”

म्हणजे माझी सगळी विद्या अशी गुळाला चिकटून आलेली. सुरुवात नाही, शेवट नाही. एका राजाला दोन राण्या होत्या आणि धाकटीनं मोठीच्या दुधात काहीतरी घातलं, एवढं मला ठाऊक आहे. काय घातलं, ते आजतागायत कळलेलं नाही. पण गर्व मात्र पुस्तकभर!

तर त्या वर्षी पौषात, चिंचेवर ती जोडी काटक्या गोळा करत होती तेव्हाच, गुळाबरोबर ते पान आलं. वरचा भाग फाटलेला. मजकूर मधूनच सुरू होत होता, ‘…च्या काठी उंच वृक्षावर बसलेला हा मत्स्यगरुड…’ आणि शेजारी चित्र. पांढरं डोकं, तांबडं पोट, नखांत मासा. मी चित्राकडं बघितलं, चिंचेकडं बघितलं. अंगावर काटा आला हो! आमच्या राईच्या चिंचेवरचा पक्षी छापून आलाय! आयुष्यात पहिल्यांदा कागदात असं काही होतं, जे मी माझ्या डोळ्यांनी बघत होते.

आता ह्यात माझी जाऊ कुठून आली ते सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

थोरले दीर दामूभावोजी मोंबाशाला बोटीवर खलाशी होते. मोंबासा म्हणजे समुद्रापलीकडं आफ्रिकेत, एवढंच आम्हाला माहीत. लग्नानंतर वर्षभरात ते गेले, ते गेलेच. तिथला कुणी रत्नागिरीकडचा गडी त्यांची पत्रं लिहून द्यायचा. पत्र आलं की आत्या ते पदराखाली घालून मिठागराच्या कारकुनाकडं न्यायच्या, आणि कारकून ओट्यावर मांडी ठोकून खड्या आवाजात वाचायचा. मिठाच्या टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका तिथंच थबकायच्या. ‘भागीरथीस सांगणे की…’ इथवर आला की तो मुद्दाम खोकायचा. बायका फिदीफिदी हसायच्या. आणि भागीरथी, म्हणजे माझी जाऊबाय, मिठाच्या कोठाराआड पाठ टेकून उभी. नवऱ्याचा शब्द तिच्यापर्यंत यायचा तो असा, अख्ख्या गावाच्या कानांतून गाळून.

“मी वाचून देते की,” मी एकदा आत्यांना म्हटलं.

“पोराचं पत्र सुनांच्या हातात गेलं, तर आयशीला काय ऱ्हातं गं? टपालाचं तिकीट?”

मग मी गुपचूप जाऊबायलाच अक्षरं शिकवायला लागले.

कुठं? वाफ्यात! मिठाचा वाफा आधी पायांनी चोपून चोपून फरशीसारखा करावा लागतो, मग त्यात खाडीचं पाणी घ्यायचं. आम्ही दोघी चोपायला उभ्या राहिलो की मी अंगठ्यानं चिखलात ‘द’ काढायची, ती त्याच्याखाली काढायची. मग ‘दा’. मग ‘दामू’. आणि ते काढलं की ती घाईघाईनं पायानं पुसायची. नवऱ्याचं नाव, आणि तेही पायानं लिहायचं! दर वेळी वाकून मातीला हात लावून नमस्कार करायची. शेवटी पाणी सोडलं की शाळा सुटली.

भावोजींना एक पत्रही आम्ही चोरून धाडलं. मजकूर जाऊबायचा, हात माझा. ती म्हणाली, “लिही, बरी हाय.” आणि पुढं काही बोलेचना. आता एवढा कागद कोरा कसा ठेवायचा? मी आपला तीन बाजू भरून मत्स्यगरुड लिहिला! आपल्या चिंचेवर कसा थोर पक्षी राहायला आलाय, तो नदीसरोवरांचा राजा कसा, त्याच्या तळपायाला काटे कसे असतात म्हणून बुळबुळीत मासा निसटत नाही, मासा फार जड झाला तर तो पंखांचीच वल्ही करून काठाला कसा येतो. सगळं पानावरून उतरलेलं. बायकोच्या पत्रात बायको एका ओळीची, बाकी गरुड.

माघात घोटाळा झाला. एका वाफ्यातलं अक्षर पुसायचं राहिलं. वर पाणी चढलं, मीठ धरलं, आणि ओढायला गेले तेव्हा तळाशी ‘दामू’ खणलेलं तसंच! आत्यांना वाचता कुठं येत होतं? पण हे पाऊल नव्हे आणि खेकड्याची रेघ नव्हे, एवढं त्यांना बरोबर कळलं.

“मीठ मातकट करून ठेवलंव! काय मिलतं ह्या रेघोट्यांनी?”

“काय मिळतं? दाखवते!” म्हटलं, आणि कंबरेचं पान काढलं. तिथून सुरू झालं ते भांडण, ज्यात तुम्ही मघाशी आलात.

“बरं,” आत्या म्हणाल्या, “तुझा गरुड. मग बोल, अंडी कती दिसांत फुटतील? आज माघी चौथ, आजच बसलीय ती.”

मी पान बघितलं. होतं! “बेचाळीस दिवस.”

आत्या हसल्या. आत्या हसल्या की मला भीती वाटायची. “होलीच्या आधीच पोरं बाहेर येतील. बोल, लावतंस? माझं खरं झालं, तर तो कागद चुलीत नि भागीची रेघोटी बंद. तुझं खरं झालं, तर दामूचं पुढचं पत्र भागीच्या हातात.”

“लावली!” मी म्हटलं.

बघितलंत? जाऊबायला विचारलं का मी? ती तिथंच उभी होती, टोपली कंबरेवर घेऊन. तिचं अक्षर, तिचा नवरा, तिचं पत्र, आणि पैज मी लावून मोकळी! तेव्हा मला वाटलं, केवढा पराक्रम केला. आज वाटतं, मूर्खपणाला नेहमी आपलंच डोकं लागतं, पण किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.

कोठाराच्या भिंतीवर मी कोळशानं रोज एक रेघ मारायला लागले. आणि रोज चिंचेखाली जाऊन पान ताडून बघायला.

आता खरं सांगू? शंका मला तिसऱ्याच दिवशी आली होती. पानात म्हटलेलं, पंख काळेभोर. आमच्या पक्ष्याचे पंख विटकरी, नुसती टोकं काळी, जशी शाईत बुडवून काढलेली. मी जाऊबायला सांगितलं, “उन्हानं विटलेत.” पानात म्हटलेलं, पंख पसरले की पुरुषभर उंचीलाही मागं टाकतील. आमचा पसरला की जेमतेम अडीच हात. “अजून वाढीला लागलाय,” मी म्हटलं. अंडी घातलेला पक्षी, आणि वाढीला लागलाय!

सगळ्यात वाईट ते ओरडणं. पानात म्हटलेलं, मान पाठीपर्यंत मागं टाकून असा खणखणीत पुकारा करतो, की मैलभर ऐकू जावं, आणि जोडीदार लगेच त्याला साथ देतो. मी तीन दिवस चिंचेखाली कान लावून बसले. चौथ्या दिवशी पक्ष्यानं तोंड उघडलं. आणि काय निघालं? पिंऽऽ. पडसं झालेल्या करडासारखं!

जाऊबाय माझ्याकडं बघत राहिली.

“घसा बसलाय,” मी म्हटलं. “खारा वारा.”

आणि पाणघोडा! पानात स्पष्ट छापलेलं होतं, ‘जेथे पाणघोडे चिखलात लोळत असतात अशा ठिकाणी हा हमखास आढळतो.’ पाणघोडा हे काय असतं मला काय ठाऊक! पण चिखलात लोळतं ना? मग म्हैस! शहाण्या माणसानं म्हशीला मुद्दाम मोठं नाव दिलं असेल. आमच्या तळ्यात पाच म्हशी लोळत होत्या. झालं, पुरावा आणखी पक्का!

तुम्हाला वाटेल, बाई वेडी होती. नव्हते. मी फक्त हरायला तयार नव्हते. वेड्याला औषध असतं.

गावात बातमी गेली. बायका पाण्याला जाताना माझ्या रेघा मोजायच्या. उत्तनची रोझाबाय आमच्याकडं मासळी खारवायला मीठ न्यायला यायची, बदल्यात सुके बोंबील द्यायची. तिला मी हात धरून चिंचेखाली नेली. तिनं वर बघितलं, मग माझ्याकडं बघितलं.

“ह्यो गरुड? अगो बाय, आमच्या बंदरावर ये. वलांडीवरचे बोंबील पलवनारे ऐसे दोन डझन गरुड देतंय तुला, पाटीत घालून ने!”

वलांडी म्हणजे बांबूचा मांडव, त्यावर ते बोंबील वाळत घालतात. मी म्हटलं, “दुसऱ्याचा मासा पळवणं हेही पानात दिलंय!” आणि दिलं होतंच हो. ते एक मात्र जुळलं.

आत्यांना रोज संध्याकाळी पान ऐकायची गंमत वाटायला लागली होती. कबूल करायच्या नाहीत, पण “वाच बघू, आज काय करतो तुझा राजा” म्हणून पाय पसरून बसायच्या. पानाची शेवटची ओळ होती, ‘दोन पिल्लांपैकी आधी जन्मलेले पिल्लू दुसऱ्याला’. बस, तिथं पान संपलं.

“दुसऱ्याला काय?” आत्यांनी विचारलं.

“पान संपलं.”

“दुसऱ्याला काय करतं? अक्षरं शिकवतं?”

जाऊबाय तोंडाला पदर लावून हसली. मी पहिल्यांदाच तिला आत्यांसमोर हसताना बघितलं. मला राग आला. आता आठवलं की बरं वाटतं.

सव्वीस रेघा झाल्या, सत्तावीस झाल्या. सत्ताविसाव्या सकाळी आत्यांची हाक आली. सगळं आगर ऐकेल अशी.

“मास्तरीनबाय! इकडं ये!”

चिंचेखाली अंड्याचं अर्धं टरफल पडलेलं. मळकट पांढरं, तपकिरी ठिपक्यांचं.

“कावळ्याचं असेल,” मी म्हटलं.

“कावल्याचं हिरवट असतं. वर बघ.”

वर मादी घरट्याच्या काठावर उभी राहून मासा नखभर नखभर फाडत होती आणि मान वाकवून आत काहीतरी देत होती.

“स्वतःच खाते आहे.”

“वाकून?”

“तिची पद्धत!”

“अगं, आत दोन टालकी हलतायत, डोले फुटले कं तुजे?”

“बेचाळीस म्हणजे बेचाळीस! छापलंय! ही पिल्लं… ही पिल्लं लवकर आलीत!”

“गरुडीन हाय न्, तिला घाई असंल!” आत्या कंबरेवर हात ठेवून उभ्या. टोपल्या घेतलेल्या बायका गोळा झालेल्या. कारकूनही पेन कानाला लावून आलेला. “आन तो कागद. चूल पेटलेली हाय.”

मी पान मुठीत घट्ट धरलं. आणि मग जाऊबायकडं लक्ष गेलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती पायाखालच्या चिखलाकडं बघत होती, जिथं कालच आम्ही ‘पत्र’ हा शब्द काढला होता. तेव्हा कुठं मला कळलं, चुलीत काय जाणार आहे ते.

आणि तेवढ्यात बांधावरून टपालवाला आला.

त्यानं सवयीनं पाकीट आत्यांपुढं धरलं. आत्यांनी सवयीनं ते कारकुनापुढं केलं. कारकून खोकला, घसा साफ केला, पाकीट डोळ्यांपुढं नेलं, आणि थांबला.

“हे… हे भागीरथीच्या नावचं आहे.”

तोवर आमच्या घरात बाईच्या नावानं पाकीट आलेलं नव्हतं. कुणी काही बोलायच्या आत जाऊबायनं टोपली खाली ठेवली, दोन पावलं पुढं झाली आणि कारकुनाच्या हातातून पाकीट काढून घेतलं. हिसकावलं नाही. आपली वस्तू आपण उचलतो तसं घेतलं. मग बोट ठेवून वाचायला लागली. ‘भा’ला अडली, ‘गी’ला अडली. मी तोंड उघडलं, तर तिनं हात वर केला. गप्प!

“भा-गी-र-थी-स… आशीर्वाद. तुझे… पत्र… पोचले.”

एवढ्याला केवढा वेळ लागला! पण एकही बाई हलली नाही. आत्यासुद्धा नाही. मी मराठी कागदांचे गठ्ठे वाचले असतील, पण इतकं हळू आणि इतकं खरं वाचलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

पत्रात होतं ते आता सलग सांगते, तिनं मात्र अर्ध्या दुपारपर्यंत वाचलं. भावोजी मोंबाशात नव्हतेच, आगगाडीनं आत, समुद्राएवढ्या गोड्या पाण्याच्या सरोवरावरच्या आगबोटीवर होते. ‘तू लिहिलास तो पक्षी मी रोज पाहतो. पण तो आपल्याकडचा नव्हे, इथला, आफ्रिकेचा. पंख काळे, आकार दांडगा. पाणघोडा म्हणून एक जनावर आहे, बिनशिंगाच्या चार म्हशी एकात शिवल्यासारखे, ते लोळते तिथे हा वर झाडावर असतो. पहाटे मान मागे टाकून ओरडतो, त्याने जाग येते. डोळे मिटलेले असतात तोवर वाटते, आपल्या चिंचेखालीच निजलो आहे. आपल्या चिंचेवर असते ती घार. आईला विचार, ती सांगेल.’

आईला विचार, ती सांगेल! समुद्रापलीकडून हो! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. बायका इतक्या हसल्या की चिंचेवरची घारसुद्धा उठून उभी राहिली, आणि एकदा ओरडली. पिंऽऽ.

पान खोटं नव्हतं. अक्षर न् अक्षर खरं होतं, फक्त ते दुसऱ्या देशाचं होतं. घारही खोटी नव्हती. खोटा होता तो मी दोघांमध्ये मारलेला टाका. फाटक्या कोपऱ्यात कुठल्या काठाचं नाव होतं, हा प्रश्न मला त्या सत्तावीस दिवसांत एकदाही पडला नाही. शाळेत गेलेल्या पोराला पडला असता. जाऊ द्या. आत्यांना शाळेशिवायच पडला होता. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, त्यानं आपली चिंच बघितली हाय कं?

इकडं जाऊबायनं पत्राचं पान उलटलं. ओठ हलायला लागले, पण आवाज येईना. कानशिलं लाल झाली. मग तिनं पत्राची घडी घातली आणि चोळीत ठेवली.

“पुढं वाच की,” आत्या म्हणाल्या.

“पुढचं माझं हाय, आत्या.”

कारकून खोकला नाही. आत्यांनी तिच्याकडं बघितलं. मग पुढं येऊन माझ्या मुठीतलं पान काढून घेतलं. मला वाटलं, गेलं चुलीत. पण त्यांनी ते गुडघ्यावर ठेवून तळहातानं सारखं केलं, गरुडाच्या चित्रावरून बोट फिरवलं, आणि ते जाऊबायच्या हातात दिलं.

“आणि पैज?” मी विचारलं. अजून माझी जीभ गप्प बसत नव्हती! “पैज तर मी हरले ना?”

आत्या वळल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि चालता चालता म्हणाल्या, “हरलीसच तू, म्हनून आजपासून ह्या घरातला कागद भागी वाचील, नि तू चिंचेखाली बसून अंडी मोज!”